चतकोराची खूण

अण्णा, तुमच्या खुणा चुकीच्या छापल्या गेल्या आहेत, आणि तो कागद घेऊन माणसं आपापल्या मेंढरांकडे परत गेली आहेत. बाकी सगळ्यांना आम्ही गाठलं. एकजण सापडत नाही. शिबिरात ठरल्याप्रमाणे उद्या रविवारी सकाळी त्यानं कळपाला औषध पाजायचं आहे आणि आज शनिवारचे अकरा वाजून गेलेत. मी सोलापुरात माझ्या घरी फोन समोर ठेवून बसले आहे. नुसतं फोनकडे बघत बसवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर तो मला धीर देईल, आणि आज मला कुणाचा धीर नको आहे.

तुम्ही गेल्यावर त्या खुणांचं नाव माझ्यासमोर कुणी काढलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एक डॉक्टरीणबाई माझा पत्ता शोधत आल्या. जनावरांच्या डॉक्टर, वयानं माझ्या भाचीएवढ्या, मंगळवेढ्याच्या बाजूला शेळ्यामेंढ्यांची शिबिरं घेतात. म्हणाल्या, "मॅडम, तिकडची म्हातारी माणसं अजून तुमच्या वडिलांच्या, कंपाउंडरच्या खुणांचा कागद मागतात. आमच्या छापील पत्रकात ती शेंगा बांधून नेतात." पोरं शिकली, पण ती पुण्याला कामाला गेली. कळपामागं राहिले ते आजा-आजी, आणि त्यांना आपण मजकूर वाचायला देतो. बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. घडीवर फाटलेला, तेलकट झालेला, आणि त्यावर तुमची निळी पेन्सिल. बाई मला वरून खाली नीट समजावून सांगायला लागल्या, कुठल्या खुणेचा अर्थ काय. मी म्हटलं, "बाई, मला नका शिकवू. हे निघालं तेव्हा मी तिथे जेवत होते."

खरंच जेवत होते. मे महिन्याची सुट्टी, मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मंगळवेढ्याला आलेली, जनावरांच्या दवाखान्यामागच्या आपल्या क्वार्टरचं ते बुटकं स्वयंपाकघर. तुम्ही दुपारी संतापून घरी येता. कुणा मेंढपाळानं तीन जनावरांचं औषध एकाच मेंढ्याला पाजलं आणि मेंढा गेला. "बाटलीवर स्वच्छ लिहिलं होतं," तुम्ही म्हणता. आई तव्यावरची भाकरी उलटते आणि मागे न बघता विचारते, "त्याला वाचता येतंय का?" आई तुमच्या ताटात अख्खी भाकरी टाकते, मला अर्धी देते आणि धाकट्याला चतकोर. चतकोर बघून तो भोकाड पसरतो, कारण त्याला न शिकवताही पक्कं कळतं की आपल्याला कमी मिळालं. तुम्ही हात धुवायचं सोडून त्याच्याकडे बघत राहता. मग चुलीतला विझलेला कोळसा घेता आणि पिठाच्या डब्यावर काढता: भाकर, अर्धी, चतकोर. एक टोपण, अर्धं टोपण, पाव टोपण. मेंढ्याला भाकर, मेंढीला अर्धी, कोकराला चतकोर. आई म्हणाली, "जनावरांना वाढून झालं असेल तर स्वतः जेवा. आणि डबा पुसून ठेवा." डबा तुम्ही पुसला नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या डब्यावरचा कोळसा माझ्या फ्रॉकला लागायचा.

त्याच सुट्टीत तुम्ही मला कागदांच्या नकला करायला बसवलंत. हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेली मुलगी ना मी. मला तुमच्या खुणा अगदीच ओबडधोबड वाटल्या. मी भाकरीवर बारीक ठिपके काढून ती भाजली, कडा छायांकित केल्या, आणि चतकोर एकटा बिचारा वाटतो म्हणून उरलेला गोल तुटक रेघेनं पूर्ण केला. पंचवीस कागद केले. तुम्ही ते दवाखान्याच्या खिडकीवर नेलेत. तिथे एक म्हातारी शेळीची दोरी धरून उभी होती. "आजी, हे काय हाय?" "भाकर." "आन् हे?" तिनं माझ्या चतकोराकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ती बी भाकरच की. जरा कच्ची राह्यलीया." बाहेरची माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. पंचवीसच्या पंचवीस कागद माझ्यासमोर फाडलेत आणि म्हणालात, "तुझ्या चित्रानं कोकरू मरंल. चांगलं दिसायला नको हाय, कळायला पायजे." मी दोन दिवस तुमच्याशी फक्त इंग्रजीत बोलले, म्हणजे बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही निळी पेन्सिल माझ्या वहीवर ठेवून गेलात आणि मी पुन्हा बसले, ठिपक्यांशिवाय.

तर अशी मी, सगळं ठाऊक असलेली. बाईंना म्हटलं, तुमचा कागद मी टाइप करून देते. बाई म्हणाल्या, "मॅडम, टाइप कशाला? या जुन्या कागदाचा फोटो काढून छापू." मला राग आला. जन्मभर ऑफिसात मी टायपिंग केलं, साहेबांची इंग्रजी त्यांना कळू न देता दुरुस्त केली, टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यात आधी मी शिकले. फोटो चिकटवणं म्हणजे टायपिंग नव्हे. खूण ओळीत बसली पाहिजे, अक्षराच्या उंचीची, बोट लावलं की उमटणारी. औषध बदललं, प्रमाण बदललं, तर पुढच्या वेळी दोन मिनिटांत नवा कागद करता आला पाहिजे. हा विचार चूक नव्हता, अण्णा. अजूनही मला तो चूक वाटत नाही.

भाकरीसाठी नेहमीचा गोल चालला, तो कॉम्प्युटरात असतोच. अर्धी आणि चतकोर मात्र मिळेनात. चिन्हांच्या यादीत मी दोन दिवस फिरले. तिथे चंद्र आहेत, घड्याळं आहेत, अर्धे काळे अर्धे पांढरे गोल आहेत, पण अर्धा गोल काळा असला तरी गोल पुराच दिसतो, आणि त्या म्हातारीनं मला एकदा शिकवलेलं पुरेसं होतं. शेवटी कॉम्प्युटरातच एक छोटा प्रोग्राम सापडला. त्यात चौकटीचा कागद असतो, एकेक घर काळं करत आपलं स्वतःचं अक्षर बनवायचं. चष्मा नाकावर खाली ओढून मी अर्धी केली, मग चतकोर केला. चतकोराची टोकं तीनदा मोडली, तीनदा बसवली. मग वर्डमध्ये दोन्हींना एकेक बटण नेमून दिलं. आल्ट धरून दोन दाबलं की अर्धी, चार दाबलं की चतकोर. पहिल्यांदा "कोकराला" असं लिहिलं, आल्ट-चार दाबलं आणि पुढे तुमचा चतकोर उभा राहिला, तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्या वेळात हातानं शंभर कागद झाले असते.

डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम सांगितलं होतं की हे जंताचं नवीन औषध आहे, चांगलं आहे, पण प्रमाण फार जपावं लागतं. जास्त झालं तर जनावराची नजर जाते. बाकी आजार काही नाही, नुसती नजर. चालतं, खातं, पण दिसत नाही. उतारा नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि चतकोराची टोकं आणखी घासूनपुसून स्वच्छ केली. जनावरांची चित्रं त्यांनी वेगळी, फोटो म्हणून दिली होती. ती मी जागच्या जागी बसवली आणि फाईल इथल्याच एका छापखान्याला पाठवली.

बुधवारी शिबिर झालं. गुरुवारी दुपारी उरलेले कागद माझ्याकडे आले. मी घडी उघडली. मेंढा, भाकर. मेंढी, भाकर. कोकरू, भाकर. मला आधी वाटलं की माझाच चष्मा. चष्मा पुसला. भाकर. उभी होते ती तशीच जमिनीवर बसले आणि बसल्या जागेवरून छापखान्यात फोन लावला. तिथला माणूस चांगला पन्नाशीचा, अनुभवी. त्याला वाटलं, मी शाबासकी द्यायलाच फोन केलाय. "मॅडम, तुमच्या फायलीत वरच्या ओळीत गोल आलता, आन् खाली नुसते चौकोन आलते हो. रिकामे. बरं दिसंना ते. म्हणून मी सगळे गोल केलो की. एकसारकं. बघा, कसं मस्त दिसलालंय." मी त्याला काय काय बोलले ते तुम्हाला लिहिणार नाही. बोर्डिंगमधल्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर मला गुडघ्यांवर बसवलं असतं. पण बोलत असतानाच मला उमगत होतं. मी बनवलेली अक्षरं माझ्या कॉम्प्युटराच्या पोटात राहतात. फाईल दुसऱ्याकडे गेली की ती सोबत जात नाहीत, त्यांच्या जागी रिकामी चौकट येते. त्याला माझा चतकोर कधी दिसलाच नाही. रिकामी जागा दिसली आणि त्यानं ती नीटनेटकी केली. दहा-अकरा वर्षांची मी त्याच्याहून निराळं काय केलं होतं?

आणि त्यानं छापण्याआधी मला प्रूफ पाठवलं होतं, अण्णा. फोनवर, सोमवारी. मी भाजी निवडत होते. माझ्या टायपिंगला प्रूफ कसलं, असं मनात आलं. फोटो मोठा न करताच अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं आणि उरलेल्या शेंगा मोडल्या. हे मी डॉक्टरीणबाईंना शुक्रवारी सांगितलं. गुरुवारी नाही, शुक्रवारी. गुरुवारभर मी छापखान्यालाच शिव्या घालत होते. बाई म्हणाल्या, "मॅडम, गठ्ठा माझ्याच हातानं वाटला गेला. मीही वरची ओळ बघून पुढे सरकवला." एवढं बोलून त्यांनी पुढचा नंबर फिरवला. गुरुवारीच दोघींनी नावांची यादी वाटून घेतली होती. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना फोन, नसेल त्यांच्या शेजाऱ्यांना, दुकानांत, शाळेच्या शिपायाला. मी आयुष्यात इतक्या माणसांना इतक्या वेळा "पाव, पाव टोपण" म्हटलं नसेल. एका आजींनी मला झापलं, "येकदा सांगितलं की कळतंय मला, बहिरी न्हाय मी." बरं वाटलं ऐकून.

उरला तो हा एक. त्याचा कळप पुढे गेलाय, खतासाठी शेतांत मेंढरं बसवत बसवत टेंभुर्णीच्या बाजूला, असं गावातले म्हणतात. फोन लागत नाही. त्याची बहीण वेळापूरला दिलेली आहे, ती बहुतेक सांगू शकेल म्हणून डॉक्टरीणबाई पहाटेच जीप घेऊन तिकडे गेल्यात. माझ्या डोळ्यांसमोर सकाळपासून एकच येतंय. सगळा कळप एका जागी उभा आहे, हालत नाही, आणि तो माणूस पुढे होऊन त्यांना हाका मारतोय. मेंढरं आवाजाकडे तोंड करतात, पण कुठे पाऊल टाकायचं ते त्यांना कळत नाही. मी उठून दोनदा पाणी पिऊन आले. बारा वाजायला आलेत. थांबा, फोन.

अण्णा, आता अडीच वाजलेत. मला जे झालं ते झाल्या क्रमानं लिहू द्या.

फोन बाईंचा होता. बहिणीनं शेतमालकाचा नंबर दिला होता. बाई जीपमध्ये होत्या, आवाज तुटत होता. "मॅडम, मला रेंज नाही, तुम्ही लावा. उद्या पाजू नका, एवढंच सांगा. मी पोचतेच." मी लावला. शेतमालकानं बांधावरून हाक मारली, आणि बऱ्याच वेळानं एक घोगरा, सावकाश आवाज आला. "कोन बोलतंय?" मी म्हटलं, "शिबिराकडून बोलते. ते जंताचं औषध उद्या पाजू नका. कागदावर चुकलंय. मेंढीला अर्धं आणि कोकराला पाव टोपण द्यायचं, पूर्ण नाही." पलीकडे मेंढरांचा आवाज, एक कुत्रं भुंकतंय. मग म्हणाला, "येकाला पाजलंय की, बाई."

तोच समजावून सांगायला लागला, जणू मी गुन्ह्याची चौकशी करायला फोन केलाय. "नवं आवशद आसलं की आमी आदी येकालाच पाजून बगतो. चार दिस बगायचं, बरं दिसलं तर मग बाकीच्यास्नी. परवाच्याला येका कोकराला पाजलं." मी विचारलं, किती. "कागदावर हुतं तेवढं. भाकरभर." चौपट, अण्णा. मी विचारलं, "तुम्हाला जास्त वाटलं नाही?" हे विचारायला नको होतं. पण मला कुणीतरी, कुठेतरी थांबायला हवं होतं असं वाटत होतं. तो म्हणाला, "वाटलं की. हातात टोपण धरून लई येळ हुबा हुतो. कोकराला कुटं भाकरभर आसतंय? पर खुना कंपाउंडरच्या हायती म्हनलं. आमच्या आज्यानं सांगून ठिवल्यालं, डाक्टर चुकंल, कंपाउंडरचा कागद चुकायचा न्हाय."

त्याला कळलं होतं. त्याच्या हाताला कळलं होतं, आणि तुमच्या शब्दाखातर त्यानं आपल्या हाताचं ऐकलं नाही. मी म्हटलं, "आता कोकरू कसं आहे?" "बरं हाय. आईला ढुशा देतंय." डोळ्यांसमोर हात हलवून बघा म्हटलं. तो गेला. फोन त्यानं बहुतेक मातीवर ठेवला असावा, मला नुसती घरघर ऐकू येत होती. परत येऊन म्हणाला, "डोळं मिटतंय की. आज तरी मिटतंय." मग हळू आवाजात विचारलं, "आंदळं हुतंय व्हय, बाई, ह्यानं?" मी खोटं बोलले नाही. होऊ शकतं म्हटलं, तीन-चार दिवस बघावं लागेल, डॉक्टर येतायत. तो म्हणाला, "मादी हाय वो. ठिवायची म्हनत हुतो."

बाकीचा कळप वाचला. त्याच्या त्या सवयीनं वाचला, माझ्या फोननं नव्हे. उद्या पाजायचं ठरलेलंच नव्हतं त्याचं. तो चार दिवस थांबणार होता आणि त्या चार दिवसांत कोकरानंच त्याला सांगितलं असतं. बाई तासाभरात तिथे पोचल्या, त्यांनी तपासलं. मला पुन्हा फोन करून म्हणाल्या की आज काहीच सांगता येत नाही, बुधवारपर्यंत वाट बघायची, आणि मॅडम, तुम्ही जेवून घ्या. मी जेवले नाही. बुधवारी जो फोन येईल त्याची भीती मला आत्तापासून वाटते आहे. एका कोकरासाठी एवढं, असं माझ्या शेजारीणबाई म्हणतील. त्यांना तुम्ही फाडलेले कागद माहीत नाहीत.

हे पत्र कुठेच टाकायचं नाही, त्यामुळे राहिलेलंही लिहून टाकते. फोन ठेवण्याआधी त्यानं विचारलं, "कुनी चुकवलं वो हे?" मी म्हटलं, "छापणाऱ्यानं." इतक्या पटकन म्हटलं की मलाच दचकायला झालं. तो म्हणाला, "त्याला तरी काय ठावं. त्यानं मेंढरू जवळनं बगितलं आसंल का." जराही राग नाही. मग म्हणाला, "कंपाउंडरसायबाच्या घरचं कोन हाय का वो आता? आसलं तर इचारून घ्या त्यास्नी. त्यास्नी ठावं आसंल खरं काय ते."

मी म्हणाले, मला माहीत नाही.